डोळे उघडून दिलेले फोटो

तेलंगणातल्या बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांच्या क्वार्टर्समध्ये आजही काही भिंतींवर माझ्या हातचे डोळे आहेत. चेहरा ज्याचा त्याचा, डोळे माझे. माणूस गेल्यावर काढलेला फोटो, त्यावर बारीक ब्रशनं रंगवलेले उघडे डोळे, भोवती लाकडी चौकट आणि प्लास्टिकचा हार. पाहुण्याला वाटावं, गडी जिवंतपणी भांग पाडून स्टुडिओत येऊन बसला होता. गावात माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मी मयताचा फोटोवाला होतो.

या कामासाठी मी कॅमेरा हातात घेतला नव्हता. माझे आईबाप भैंशाजवळच्या एका गावात दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीतल्या घरांतून देव बाहेर गेले आणि पाटी-पुस्तकं आत आली. थोरला भाऊ मास्तर झाला. मीही मास्तर, नाहीतर तहसिलात कारकून व्हावं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, म्हणून मला आदिलाबादला शिकायला पाठवलं. तिथं स्टेशनच्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या काचेच्या कपाटात नटूनथटून बसलेल्या लोकांचे फोटो होते, आणि खाली कोपऱ्यात एक वेगळाच फोटो होता. कापसाच्या गाडीवर झोपलेला गाडीवान, तोंड उघडं, मिशीवर कापसाचे तंतू. त्याला कुणी सरळ बस म्हटलं नव्हतं. कॉलेजला जाता-येता मी तो बघायला थांबायचो, आणि असं थांबता थांबता कॉलेजला जायचंच राहून गेलं.

स्टुडिओचे मालक म्हातारे होते, उर्दू बोलायचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मी कॅमेऱ्याला हात लावायला गेलो तर म्हणाले, "पहले कुर्सी पोंछना सीखो मियाँ, कैमरा कहीं भागा नहीं जा रहा." मी खुर्च्या पुसल्या, पाण्यात प्रिंट हलवत बसलो, फोटो धुवायच्या हायपोच्या वासानं जेवण नकोसं झालं. मग त्यांनी मला निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला शिकवलं. देवीचे व्रण बुजवायचे, बसलेले गाल भरायचे, लग्नाच्या मुलीचा रंग उजळायचा. शेवटी शिकवले डोळे. फोटो काढताना गिऱ्हाइकाचे डोळे मिटले तर ते रोल वाया घालवत नसत, प्रिंटवर उघडे डोळे रंगवून देत. त्यांची एक ठरलेली जोडी होती. बुबुळं किंचित वर, पापणीची रेघ जाड, आणि डोळ्यात चमक दिसावी म्हणून ब्लेडच्या टोकानं कागद खरवडून काढलेला पांढरा ठिपका. ती जोडी कुणालाही चालायची. मी ती इतकी गिरवली की झोपेतसुद्धा काढली असती.

मन मात्र त्या गाडीवानात अडकलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी स्वतःचा रोल घालून कापसाच्या जिनिंग कारखान्यात जायचो. तिथल्या बायांच्या भुवया, केस, पापण्या कापसाच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या असत. त्यांचा एक फोटो हैदराबादच्या प्रदर्शनात लागला. मी पॅसेंजरनं गेलो आणि दिवसभर माझ्याच फोटोसमोर घुटमळत राहिलो. लोक थांबले की वाकून चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करायचो आणि त्यांचं बोलणं ऐकायचो. एक बाई तिच्या मैत्रिणीला म्हणाली, ही म्हातारी आहे का गं, की हिला कापूस लागलाय? मला वाटलं, बस्स, आपण जिंकलो. परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती, पण मी आदिलाबादपर्यंत उभ्या उभ्या हसतच आलो असेन.

मग लग्न झालं. आदिलाबादेत तोवर स्टुडिओ बरेच झाले होते, म्हणून मी बेल्लमपल्लीला दुकान टाकलं. कोळशाचं गाव, पगारदार माणसं, शिफ्ट सुटली की रस्ता भरून जायचा. तेलुगू सगळ्यांत जास्त, पण हिंदी होती, उर्दू होती, आमच्याकडची मराठीही कानावर पडायची. इथे चेहऱ्यांची कमतरता पडणार नाही असं मला वाटलं. ती पडली नाही.

दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. खाणीत छत कोसळून एक माणूस गेला. त्याचा भाऊ सकाळी दुकानात आला आणि म्हणाला, "आमच्यापाशी त्याचा एक बी फोटो नाही. माती द्यायच्या अगुदर काढून द्या." मी नाही म्हणू शकलो नाही. घरात अंधार होता म्हणून त्यांनी त्याला अंगणात आणलं, लाकडी खुर्चीवर बसवलं, आणि तो कलंडू नये म्हणून धोतरानं छातीशी बांधलं. वरून स्वच्छ सदरा घातला. तोंड धुतलं होतं, पण पापण्यांच्या कडेला कोळसा तसाच राहिला होता, काजळ घातल्यासारखा. भाऊ मागून त्याचं डोकं धरून वाकून बसला आणि मी फोटो काढला. घरी सगळी बायामाणसं रडत होती आणि मी म्हणत होतो, जरा बाजूला सरका, सावली पडते.

प्रिंट द्यायची वेळ आली तेव्हा भाऊ म्हणाला, "डोळे उघडून देता येते का?" मी उस्तादांची जोडी रंगवून दिली. त्याच्या आईनं फोटो छातीशी धरला आणि म्हणाली, हा पाह्य, माहा लेक पाहून राह्यला. मला वाटलं, फार मोठं पुण्याचं काम केलं.

त्यानंतर लोक येतच राहिले. खाणीत गेलेले, दम्यानं गेलेले, दारूनं गेलेले, बाळंतपणात गेलेल्या. त्या काळी गरिबाघरी फोटो काढायचं निमित्तच नव्हतं. माणूस आहे तोवर तो समोर आहेच, त्याचा फोटो कशाला? तो गेला की धावाधाव व्हायची आणि मला बोलावणं यायचं. मी सगळ्यांना तेच डोळे दिले. म्हाताऱ्याला तेच, तरण्या पोराला तेच, बाईला पापणीची रेघ जरा लांब. कुणी कधी तक्रार केली नाही. रडून सुजलेल्या डोळ्यांना तेवढं कुठलं दिसायला?

हळूहळू गावाची मेख माझ्या लक्षात आली. मयताला मी, आणि लग्नाला शेजारच्या मंचेरियालहून आणलेला फोटोग्राफर. बाजारातल्या एका भाजीवाल्या कुटुंबाशी माझा चांगला घरोबा होता. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, मी आपणहून विचारलं, तर तो माणूस वांगी निवडता निवडता म्हणाला, "हळदीच्या मांडवात नका येऊ भाऊ. राग नका मानू. तुमी जेवाले या." मी जेवायला गेलो. मंचेरियालचा फोटोग्राफर नवरीला झाडाच्या सावलीत उभी करून फ्लॅश मारत होता, आणि मी पंगतीत बसून भात कालवत त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तरीही मला त्याचं एवढं वाटत नव्हतं. पोट भरत होतं, आणि लोक म्हणतात म्हणून माझा कॅमेरा काही अशुभ होत नव्हता. पण आम्ही भाड्यानं राहायचो त्या क्वार्टर्सच्या रांगेत एक बारसं झालं. शेजारी नवे होते, त्यांना माझी कीर्ती ठाऊक नव्हती. त्यांनी हौसेनं मला बोलावलं, मी पाळण्यातल्या बाळाचे फोटो काढले, आणि महिना भरायच्या आत बाळाला जुलाब होऊन ते गेलं. पुन्हा मलाच बोलावलं. एकाच बाळाचे दोन फोटो, एक आधीचा आणि एक नंतरचा, मी एकाच रोलवर काढले. त्या दिवसापासून नळावर पाणी भरताना बाया माझ्या बायकोशी बोलेनाशा झाल्या.

बायको तेव्हा गरोदर होती. तीही दीक्षा घेतलेल्या घरातली. तिचे वडील वस्तीत सगळ्यांना समजावत फिरायचे की नवस, अंगारे, मुहूर्त हे सगळं खोटं आहे. देव तिनं कधीच मानले नाहीत. पण देव बाहेर काढणं सोपं आहे, भीती काही त्यांच्याबरोबर बाहेर पडत नाही, ती चुलीमागं कुठंतरी दबा धरून बसते. मुलगी झाली. बाळंतिणीच्या खाटेशी मी वाकलो तर बायको म्हणाली, "एक सांगते. हिच्यावर तुमी कॅमेरा धरायचा नाही."

मी हसलो. म्हटलं, "फोटोनं कोणी मरते का?"

"मले नाही माहीत. पण धरायचा नाही. मी असेतोवर नाही."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. पोरगी रांगली, चालली, शाळेत गेली, आणि फोटोग्राफरच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता. भिंतीवर आमच्या दोन तसबिरी होत्या, तथागतांची आणि ज्यांनी आम्हाला दीक्षा दिली त्यांची. तिसऱ्यासाठी जागा मोकळी होती. थोरला भाऊ दिवाळीच्या सुट्टीत आला की विचारायचा, "काऊन रे, पोट्टीचा एक फोटो देत नाहीस मले?" मी म्हणायचो, पुढच्या वेळी. बायको आतून भांडी जोरात आपटायची.

पोरगी मात्र स्टुडिओत वाढली. शाळा सुटली की दप्तर टाकून सरळ तिथं. शाळा तेलुगू, त्यामुळे मैत्रिणींशी तेलुगू, माझ्याशी आमची मराठी आणि गिऱ्हाइकाशी जी जमेल ती. गिऱ्हाइकाची कॉलर नीट करायची, बायांचा पदर सारखा करायची, माणूस ताठून बसला की म्हणायची, "मामा, श्वास घ्या ना." कपाटात वाळत घातलेले प्रिंट ती निरखून बघायची. एकदा मोठ्यानं म्हणाली, "बाबा, ह्या आजोबाचे आन त्या पोट्ट्याचे डोळे एकच हायेत. तुमाले दुसरे काढताच येत नाही?" समोर गिऱ्हाईक बसलं होतं. मी तिला दटावलं आणि मग दिवसभर हसू येत राहिलं, कारण इतक्या वर्षांत ते ओळखणारी ती पहिलीच. घरी जाऊन तिनं आईलाही सांगितलं. तेव्हापासून बायकोही मला चिडवायची, म्हणायची, मरून तुमच्या हाती आले का समदे एकाच आईचे लेकरं होऊन जाते.

ती चौथीत असतानाचा श्रावण. दुपारी एका मास्तरीणबाईंचे फोटो झाले, त्या गेल्या, आणि रोलमध्ये एक फोटो उरला. पोरगी तोवर स्टुलावर चढून बसली होती. दोन्ही दिवे अजून चालूच होते.

"बाबा, एक उरला हाय ना? काढा ना माहा."

"आई काय म्हणते ठाऊक हाय ना?"

"आईले आपण नाही सांगत." मग म्हणाली, "माह्या वर्गात साऱ्या पोरींचा हाय. माहाच नाही. त्या म्हणतात, तू मेल्यावर तुहे बाबा काढतील."

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. गावावर, मंचेरियालच्या त्या फोटोग्राफरवर, नळावरच्या बायांवर, सगळ्यांवर मी चिडलो. मी कॅमेऱ्यामागं गेलो. प्रखर उजेडाकडे बघायची वेळ आली की ती डावा डोळा बारीक करायची, कुणाची तरी खोडी काढायच्या बेतात असल्यासारखी. तशीच बघत होती. मी तिला डोळे मोठे कर म्हटलं नाही. फोटो काढला. तो माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला फोटो आहे, जिनिंगच्या फोटोपेक्षा चांगला, आणि तो काढल्याचा मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. रोल धुतला, तिचा तुकडा कापून बाजूला ठेवला आणि म्हटलं, आई कधीतरी शांत झाली की दाखवू.

पोळा झाला आणि तिला ताप आला. आधी साधा वाटला. औषध दिलं, उतरला, पुन्हा चढला. मग ती बरळायला लागली, आईला ओळखेना. मंचेरियालला नेलं, तिथं म्हणाले ताप डोक्यात गेलाय, वरंगलला न्या. आम्ही स्टेशनवर बाकावर बसलो होतो. तिचं डोकं आईच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. गावात गणपती बसले होते, कुठूनतरी लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. गाडी यायच्या आधीच ती गेली. आईनंच हातानं तिचे डोळे मिटले आणि म्हणाली, चला घरी.

ट्रकवाल्या एका ओळखीच्या माणसानं आम्हाला घरी आणून सोडलं. वस्तीतली माणसं जमली. माझ्या दुकानात खुर्ची-स्टूल मागायला येणारी माणसं त्या दिवशी माझ्याकडे बघायला तयार नव्हती. कोण काय बोलत होतं ते मला ऐकू येत नव्हतं, पण ऐकू येण्याची गरजही नव्हती. नाहीतरी मी त्यांना पुरता ओळखून होतो.

पंचशील म्हणून झालं, तिला न्यायची वेळ झाली, तेव्हा बायको उठली. म्हणाली, "कॅमेरा आणा."

मला वाटलं माझ्या कानांची चूक आहे. ती पुन्हा म्हणाली, "आता काढा. आता काय व्हणार हाय तिले?"

कुणीतरी अंगणात खुर्ची ठेवली. नेहमीप्रमाणे एकजण धोतर घेऊन पुढे आला. तिनं त्याला हातानं मागं सारलं. "बांधायचं नाही. मी धरते." खुर्चीवर स्वतः बसली, पोरीला मांडीवर घेतलं, तिची पाठ आपल्या छातीला टेकवली, हनुवटीखाली हात लावून तोंड सरळ धरलं. पोरीच्या केसांत तेल घालून वेण्या घातल्या होत्या. मी कॅमेऱ्यात बघितलं. मला फोकस करता येईना. इतक्या लोकांच्या अंगणात ज्यानं रडणाऱ्यांना सावली पडते म्हणून बाजूला सरकवलं होतं तो माणूस तिथं उभा राहून एक साधा फोटो काढू शकत नव्हता, आणि समोरून बायको म्हणत होती, काढा, घाई नाही, मी धरून बसते.

काही दिवसांनी मी दुकान उघडलं. प्रिंट केला आणि घरी नेला. दोघींचा फोटो. आईचे डोळे उघडे, लेकीचे मिटलेले. बायकोनं बराच वेळ बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

"साऱ्या गावाचे उघडून देले तुमी. हिचे बी उघडून द्याल ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

ब्रश घेऊन बसलो आणि हातानं तेच काढलं जे त्याला येत होतं. बुबुळं किंचित वर, पापणी जाड, पांढरा ठिपका. चौथीतल्या पोरीच्या चेहऱ्यावर दम्यानं गेलेल्या म्हाताऱ्याचे डोळे. मी तो प्रिंट फाडला. दुसरा केला, डोळे मिटून तिला आठवायचा प्रयत्न केला. तिचा आवाज आठवत होता, स्टुलावरून हलणारे पाय आठवत होते, डोळे म्हटलं की उस्तादांची जोडी येऊन बसायची. किती प्रिंट फाडले ते विचारू नका. मला स्वतःच्या हाताची किळस आली. उस्तादांनाही शिव्या घातल्या, ते तर कधीच गेले होते, आणि त्यांचा फोटो काढायला मला कुणी बोलावलंही नव्हतं.

श्रावणातला तो निगेटिव्हचा तुकडा डार्करूममध्ये कागदाच्या डब्यात होता. तो मला रोज आठवत होता. एक प्रिंट काढून बायकोपुढे ठेवला की काम संपलं असतं. खरी पोरगी, खऱ्या डोळ्यांची. पण मला बायकोचं मन ठाऊक होतं. ती बोटांवर मोजेल: श्रावणात फोटो काढला, भादव्यात पोरगी गेली. नळावरच्या बाया म्हणतात ते खरं ठरेल, आणि ते बाहेरच्या कुणी नव्हे, मी घरात आणून सिद्ध केलेलं असेल. मग या बाईनं उरलेला जन्म माझ्याबरोबर एका छपराखाली काढायचा, ज्या माणसानं तिची पोर मारली त्याला वाढायचं, त्याच्याशी बोलायचं. मी फोटोनं माणूस मरतो असं मानत नाही. ती मानत होती, आणि शोकातल्या आईपुढं वाद घालून कोण जिंकलंय? ती मला सोडून गेली असती तर एक वेळ चाललं असतं. ती गेली नसती, राहिली असती, मला त्याची जास्त भीती वाटत होती.

शेवटी मी त्या तुकड्याचा लहानसा प्रिंट काढला, टेबलावर समोर ठेवला आणि त्यात बघून दुसऱ्या फोटोवर डोळे रंगवले. उस्तादांचं सगळं विसरून, शाळेत चित्र काढणाऱ्या पोरासारखे. उजवा आहे तसा, डावा जरासा बारीक. पापणी पातळ. चमक खरवडून काढली नाही, जिथं दिव्याचा उजेड पडला होता तिथं कागद तसाच कोरा सोडला. काम संपलं तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. लहान प्रिंट मी त्या तुकड्याबरोबर डब्यात टाकला, मोठ्या फोटोला चौकट केली आणि दुपारी घरी घेऊन गेलो.

बायको तांदूळ निवडत होती. तिनं हात पदराला पुसले आणि फोटो घेऊन दारात, उजेडात गेली. मी आत उभा. तिची पाठ मला दिसत होती. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. काचेवरून त्या डाव्या डोळ्यावर हळूच बोट फिरवलं.

"ऐका ना," ती न वळता म्हणाली. "तुमाले तर कोणाचे डोळे ध्यानात राह्यत नाही. सारे एकच काढता."

मी तिच्या तांदळाच्या सुपाकडे बघत राहिलो.

"हे पाहून काढले तुमी."

खोटं बोलायला काही हरकत नव्हती, आठवून काढले एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही.

"कधी काढला व्हता?"

"श्रावणात," मी म्हणालो. "पोळ्याच्या आधी. तिनंच हट्ट केला."

ती तशीच उभी राहिली. रस्त्यावरून शिफ्ट सुटलेली माणसं जात होती, कुणी सायकलवर, कुणी पायी, काळ्या तोंडांची, घराकडे. मी वाट बघत होतो. ती फोटो माझ्या अंगावर फेकेल, की किंचाळेल, की शेजारणींना हाक मारेल. माझी सगळ्याची तयारी होती. तिनं विचारलं, "काढताना हासत व्हती का?"

"हो. म्हणजे हसायच्या बेतात होती."

"दिवे लावले व्हते?"

"दोन्ही."

"म्हणून डोळा बारीक हाय." तिनं मान हलवली. मग आत आली, फोटो तथागतांच्या तसबिरीशेजारी धरून बघितला, वर, जरा खाली, आणि त्या मोकळ्या जागी हाताचा पंजा ठेवून म्हणाली, "इथं खिळा मारा."

मी हातोडी आणायला वळलो. माझा धीर परत आला होता. म्हटलं, आता तोही दाखवून टाकावा. "तो दुसरा आणू का?" मी विचारलं. "लहान हाय, पण एकटीचाच हाय. जिवंतपणीचा. दाखवतो तुले."

तिनं फोटो दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"नका आणू," ती म्हणाली. "कधीच नका आणू तो घरात. हाच राहू द्या. हा मेल्यावरचा हाय, ह्याच्यानं तरी तिचं काही वाईट नाही व्हणार."